थाळनेर ते बऱ्हाणपूर: समाध्या आणि कबरींची फोटोनोंद कशी करावी

खानदेशात जुन्या समाध्यांचं सगळ्यात जास्त नुकसान श्रद्धेने केलेल्या जीर्णोद्धारात होतं. गावात वर्गणी जमते, समाधीवर बांधलेल्या काळ्या दगडाच्या वृंदावनावर ऑइल पेंट चढतो, पुढच्या साली त्यावर चकचकीत फरशी बसते आणि कोरलेली अक्षरं कायमची आत जातात. त्यामुळे या छंदात देखण्या फोटोपेक्षा वाचता येणारा फोटो मोलाचा. पन्नास वर्षांनी एखाद्या अनोळखी माणसाला त्या फोटोवरून जागा सापडली पाहिजे, लेख वाचता आला पाहिजे.

आधी समोर काय आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बऱ्हाणपूरजवळ बोहारडा गावी मोहना आणि तापीच्या संगमावर मिर्झाराजे जयसिंगांची ३२ खांबांची छत्री आहे. ते १६६७ साली बऱ्हाणपुरात वारले. छत्री म्हणजे दहनाच्या जागेची आठवण, तिच्याखाली देह नसतो. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहुखान्याजवळ (मोगलांची शिकारबाग), जून १६३१ मध्ये मुमताज महलला पुरलं होतं, पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. तिथल्या फोटोखाली नुसतं ‘मुमताजची कबर’ लिहिलं तर वाचणारा फसतो. ‘तात्पुरत्या दफनाची जागा’ असं लिहा.

संतांच्या बाबतीत आणखी जपून. मुक्ताबाई शके १२१९ मध्ये तापीतीरी विजेच्या लोळात अंतर्धान पावल्या अशी वारकरी परंपरा सांगते. मुक्ताईनगरजवळच्या कोथळी आणि मेहूण या ठिकाणांच्या फोटोंना म्हणून ‘अंतर्धानस्थान’ हाच शब्द योग्य. जवळच तापी-पूर्णा संगमावर चांगदेवाचं देखणं दगडी मंदिर आहे. ते पाहून पुष्कळजण तिथेच चांगदेवांची समाधी आहे असं लिहून टाकतात. समाधी पुणतांब्याला आहे, गोदावरीकाठी.

मुसलमानी कबरीवरच्या खुणाही वाचायला शिका. वरच्या दगडावर कलमदानासारखा लांबट उंचवटा असेल तर बहुधा पुरुषाची कबर, सपाट पाटी असेल तर बाईची. गोसाव्यांच्या समाधीवर बहुतेकदा शिवलिंग असतं. घोडेस्वार किंवा लढणारा वीर कोरलेली उभी शिळा म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराची आठवण. कोपरात वाकवलेला, बांगड्या असलेला हात दिसला तर सतीशिळा. या दोन्ही खाली कोणाला पुरलंय असं धरून चालू नका.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीला टेकतो, मोबाइल तापून कॅमेरा बंद पडतो आणि दुपारच्या उभ्या उन्हात कोरीव अक्षर सपाट दिसतं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदीत मोटरसायकल रुतते. चांगदेवच्या बाजूला हतनूर धरणाचं पाणी किती चढलंय ते आधी गावात फोन करून विचारा. यात्रेच्या दिवशी नोंदीचं काम होत नाही. महाशिवरात्रीला मुक्ताईनगर-चांगदेवला आणि वैशाखात अमळनेरला, बोरी नदीच्या पात्रातल्या सखाराम महाराजांच्या समाधीकडे, दर्शनाला जावं, कॅमेरा घेऊन दुसऱ्या दिवशी जावं.

उजेड

सगळं कौशल्य इथे लागतं. कोरलेलं अक्षर सावलीमुळे दिसतं, म्हणून उजेड दगडाला घासून, दहा ते पंधरा अंशांच्या कोनातून यायला हवा. समोरून फ्लॅश मारला की सावली मरते आणि शिलालेख पुसल्यासारखा होतो.

आपल्याकडे मुसलमानी कबरी दक्षिणोत्तर असतात, डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेकडे किब्ल्याला, म्हणजे मक्केच्या दिशेला. म्हणजे कबरीच्या लांब बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला येतात. सूर्य थेट समोर असताना घाई करू नका. पूर्वेकडच्या बाजूचं अक्षर सूर्य बराच वर चढल्यावर, उजेड दगडावरून घसरत खाली येऊ लागला की उठतं. पश्चिमेकडच्या बाजूला हीच वेळ दुपार कलल्यावर लगेच येते. आडवा माथ्याचा दगड मात्र हिवाळ्यात साडेसात ते नऊ किंवा संध्याकाळी साडेचार ते पावणेसहा, या वेळीच वाचता येतो. उशाच्या दगडाच्या उत्तरेकडच्या तोंडावर हिवाळ्यात ऊन पडतच नाही. तिथे आरसा लागतो.

साधा ३० बाय ४० सेंटिमीटरचा आरसा पुरतो. फुटायची भीती वाटत असेल तर पुठ्ठ्यावर रोटी गुंडाळायची चांदी चिकटवा. सोबतचा माणूस तीन-चार पावलांवर उन्हात उभा राहून उजेडाचा पट्टा बाजूने दगडावर टाकतो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून. एकाच लेखाचे हे तीन फोटो शेजारी ठेवले की एकात न दिसलेली काना-मात्रा दुसऱ्यात सापडते. अंधाऱ्या गाभाऱ्यात हेच काम दगडाला टेकवल्यासारख्या जवळ धरलेल्या टॉर्चने होतं.

काळा बेसॉल्ट कॅमेऱ्याला फसवतो. तो दगड करडा करून टाकतो आणि अक्षर फिकं पडतं. मोबाइलवर दगडावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा, कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) उणे ०.७ ते उणे १ ठेवा. चुना मारलेल्या समाधीला याच्या उलट, अधिक ०.७ ते १. एचडीआर (उजळ आणि गडद भाग सारखे करणारी सोय) बंद ठेवा, तो हवी असलेली सावलीच उजळवतो. रुंद लेन्सने ओळी वाकतात, म्हणून दोन मीटर मागे सरून दुप्पट झूमवर घ्या.

बऱ्हाणपुरात शाहनवाज खानाचा मकबरा उतावळी नदीकाठी आहे. हा अकबराचा सेनापती अब्दुल रहीम खानखानान याचा मुलगा. मकबऱ्याला लोक काळा ताजमहाल म्हणतात, तिथे उणे एक्स्पोजर विसरू नका. शाहजहानचा मुलगा शाह शुजा याची बायको बिल्किस बेगम हिच्या मकबऱ्यात, म्हणजे खरबूजा गुंबदात, आतून रंगकाम आहे. तिथे फ्लॅश नको, आरशाचं ऊनही नको. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १६०० ते ३२०० ठेवा आणि रंगवलेल्या भिंतीला पाठ न टेकता कोपर छातीशी दाबून घ्या.

एका समाधीचे किती फोटो

बारा तरी. पहिला वीस-पंचवीस पावलांवरून, शेजारचं झाड, रस्ता, देऊळ दिसेल असा. तो नसला तर पुढच्या माणसाला जागा सापडत नाही, आणि नवखे नेमका तोच विसरतात. मग चारी बाजू, वरून एक, चौथऱ्याचं दगडकाम, पादुका किंवा शिवलिंग. लेख पूर्ण चौकटीत सरळ समोरून. लेख मोठा असेल तर तुकड्यांत, पण प्रत्येक तुकड्यात मागच्याचा एक तृतीयांश भाग यायला हवा. एका फोटोत ३० सेंटिमीटरची पट्टी शेजारी, दगडावर न ठेवता. शेवटी सरकारी पाटी.

दगडाला काय करू नये हे यापेक्षा महत्त्वाचं. अक्षरांत खडू, पीठ, गुलाल, तेल भरू नका. तेल दगडात मुरतं आणि त्यावर धूळ कायमची बसते. शेंदूर किंवा ऑइल पेंट खरवडू नका, लोखंडी ब्रश लावू नका, चुन्याच्या गिलाव्यावर पाणी मारू नका. दोन इंची कोऱ्या रंगाच्या ब्रशने सुटी धूळ आणि पालापाचोळा झटकावा, एवढंच. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा ठिकाणी हातातल्या कॅमेऱ्याने फोटो चालतात, तिपाई आणि ड्रोनला मात्र आधी परवानगी लागते.

विचारून आत जा

गावात शिरल्यावर पारावरच्या म्हाताऱ्याला राम राम घालून अहिराणीत विचारलं, ‘बाबा, हाई समाधी कोनी शे?’, तर निम्मं काम होतं. पुजारी, गुरव किंवा मुजावर (दर्ग्याची देखभाल करणारा) यांना आधी भेटा. फोटो कशासाठी हे सांगा. दर्ग्यात डोकं झाका, चादर स्वतः उचलू नका, कबरीला ओलांडू नका. काही दर्ग्यांत बायकांना आतल्या मजारीपर्यंत जाता येत नाही, तेव्हा उंबऱ्यावरून झूम करा. अंत्ययात्रा आली की कॅमेरा पिशवीत. शेजारच्या ताज्या, घरगुती कबरींवरची नावं चौकटीत घेऊ नका, ती त्या कुटुंबाची आहेत.

कमानीत आग्या मोहोळ लटकलंय का ते आधी बघा. असेल तर अत्तर, धूर, फ्लॅश, मोठा आवाज काहीही नको. सुटा दगड हाताने उलटू नका, खाली विंचू असतो.

सालाचा हिशेब

शकात ७८ मिळवा: शके १२१९ म्हणजे इ.स. १२९७. पौष ते फाल्गुन या महिन्यांतली मिती असेल तर ७९ लागू शकतात. विक्रम संवतातून ५७ वजा करा, कार्तिकात सुरू होणाऱ्या संवतात दिवाळी ते डिसेंबर हा फरक ५७ आणि पुढे ५६ येतो. हिजरीला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. शिरपूर तालुक्यात थाळनेरला तापीकाठी खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. घराण्याचा संस्थापक मलिक राजा १३९९ साली वारला, त्याचीही कबर तिथेच. त्याच घराण्यातला मीरान मुबारक हिजरी ८६१ मध्ये गेला, गुणाकार केला की १४५७ येतं. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून दगडावरचं मूळ साल नेहमी जसंच्या तसं आधी लिहा, आपला हिशेब पुढे.

घरी आल्यावर त्याच रात्री फाइलला नाव द्या: वर्ष-महिना-दिवस, गाव, व्यक्ती, क्रमांक. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे पाच आकड्यांपर्यंत टिपा, तेवढ्यात साधारण एका मीटरपर्यंतची जागा कळते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि त्यातली ठिकाणाची माहितीही पुसली जाते, तेव्हा डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. ऐकीव माहिती ‘गावकरी सांगतात’ अशी वेगळी लिहा, दगडावर वाचलेली वेगळी. लेखाच्या फोटोची एक मोठी छापील प्रत मंदिराच्या विश्वस्तांना किंवा ग्रामपंचायतीला द्या. पुढच्या वेळी फरशी बसवताना तो दगड उघडा ठेवा, अशी विनंती करायला हातात तेवढं तरी असतं.