इंग्रजी 'पुट' जर्मनमध्ये कसा न्यावा

जर्मन शिकायला लागलं की 'पुट'ला जर्मन शब्द कोणता, हा प्रश्न लवकरच येतो. शब्दकोश उघडावा तर पाच-सहा शब्द रांगेत उभे असतात. आपण घाईत पहिला उचलतो आणि फसतो.

म्हणून पहिलं काम, इंग्रजी वाक्य बाजूला सारा आणि तीच गोष्ट मराठीत म्हणून बघा. आपण चिठ्ठी पाकिटात सारतो, फोटो भिंतीवर टांगतो, बाळाला खुर्चीत बसवतो. इंग्रजी या सगळ्याला 'पुट' म्हणून मोकळी होते. मराठी होत नाही आणि जर्मनही होत नाही. आत सारणं, खोचणं, खुपसणं म्हणजे 'श्टेकेन'. टांगणं म्हणजे 'हेंगेन'. बसवणं म्हणजे 'झेत्सेन'. पाचांतले तीन शब्द मराठीनेच हातात दिले.

उरलेले दोन मात्र डोकं खातात, कारण मराठीतही दोन्हींना 'ठेवणं'च म्हणतात. इथे वस्तू ठेवल्यावर कशी राहील ते डोळ्यांसमोर आणा. उभी राहणार असेल तर 'श्टेलेन', आडवी राहणार असेल तर 'लेगेन'. एकच पुस्तक टेबलावर 'लेगेन' करायचं, पण फळीवर इतर पुस्तकांच्या रांगेत 'श्टेलेन'. मी एकदा पाण्याच्या भरल्या बाटलीसाठी 'लेगेन' वापरलं, तर घरमालकीणबाईंनी गंभीर चेहऱ्याने ती टेबलावर आडवी केली आणि घरंगळताना मला पकडायला लावली. त्यानंतर ती चूक झाली नाही.

ताट मात्र नियमाला चकवतं. दिसायला चपटं, तरी टेबलावर ते 'श्टेलेन'च करतात, कारण ते आपल्या बुडावर टेकून असतं. त्याच्या शेजारचे काटे-चमचे 'लेगेन'. म्हणजे उंची मोजू नका, वस्तूला बूड किंवा पाय आहेत का आणि ती त्यांवर टेकली आहे का ते बघा. बूट, खुर्ची, लॅपटॉप, भांडं, सगळी 'श्टेलेन'वाली मंडळी.

क्रियापद ठरलं की विभक्ती. मराठीत 'कुठे ठेवतोस?' आणि 'कुठे आहे?' यांत 'कुठे' एकच. जर्मनमध्ये ठेवताना 'वोहिन', असताना 'वो'. 'टेबलावर' म्हणायचं तर ठेवताना 'आउफ देन टिश', ठेवून झाल्यावर 'आउफ देम टिश'. असं दुहेरी वागणारी शब्दयोगी अव्ययं 9 आहेत, ती पाठच करा, दुसरा इलाज नाही.

शब्द जोडीने शिकलात तर हे सोपं जातं: 'श्टेलेन' केलं की वस्तू 'श्टेएन' असते, 'लेगेन' केलं की 'लीगेन', 'झेत्सेन' केलं की 'झित्सेन'. 'हेंगेन' दोन्हीकडे तेच राहतं, फक्त भूतकाळात टांगलं ते 'हेंग्टे' आणि टांगलेलं होतं ते 'हिंग'.

आणि 'पुट'मध्ये एखाद्या जागी ठेवण्याचा अर्थच नसेल तर? मग यातलं काहीही वापरू नका, अर्थ धरून सरळ नवा शब्द शोधा. कपडे घालणं 'आनत्सीएन', पण चष्मा किंवा टोपी घालणं 'आउफझेत्सेन'. दिवा लावणं 'आनमाखेन', बैठक पुढे ढकलणं 'फेरशीबेन', खात्यात पैसे भरणं 'आइनत्सालेन'. कॉफीत दूध घालायचं तर बोलताना 'टून', पाककृतीत बहुधा 'गेबेन'.

चष्म्याचं तेच 'आउफझेत्सेन' स्वयंपाकघरातही भेटतं. 'झेत्स वासर आउफ' असं कुणी म्हणालं तर पाणी डोक्यावर घ्यायचं नसतं, चुलीवर ठेवायचं असतं. आपण 'चहा ठेव' म्हणतो ना, अगदी तसंच.