बालवाडीच्या ताईंनो, पदवीला प्रवेश घेताय? या चुका टाळा

जून जवळ आला की नाशिकच्या कॉलेज रोडच्या प्री-स्कूलमधल्या टीचर, सिडकोत घरच्या हॉलमध्ये प्लेग्रुप चालवणाऱ्या ताई आणि पेठ-सुरगाण्याकडच्या अंगणवाडी सेविका सगळ्या एकच विचारतात, "मॅडम, बीएड करून टाकू का?" मी उलट विचारते, "कशासाठी?" इथंच बहुतेकींची गाडी अडते. पदवी घ्यायचं पक्कं असतं, ती घेऊन कुठं जायचं ते ठरलेलं नसतं.

बीएड म्हणजे सगळ्या कुलपांची किल्ली नव्हे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बीएड ही पात्रता धरता येणार नाही. त्या वर्गांसाठी डीएलएड, म्हणजे आपलं जुनं डीएड, आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक लागतो. बीएडने सहावीपासून पुढची दारं उघडतात. चार वर्षांच्या मुलांबरोबर रमणाऱ्या बाईंना सहावीला इतिहास शिकवायचाय का, हे त्यांनी प्रवेशाआधी स्वतःला विचारावं.

पूर्वप्राथमिकसाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा, म्हणजे एनसीटीईचा, २०१४ चा नियम वेगळाच आहे: बारावीला ५० टक्के आणि किमान दोन वर्षांची पूर्वप्राथमिक किंवा नर्सरी शिक्षणाची पदविका, नाहीतर बीएड नर्सरी. खासगी बालवाड्या सध्या हे फार काटेकोर बघत नाहीत. पण २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, त्यामुळे आज कुणी विचारत नाही म्हणून पुढेही विचारणार नाही, या भरवशावर राहू नका.

आता मुक्काम बघा. सरळसेवेने मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी पर्यवेक्षिका, व्हायचं असेल तर पदवी हवीच, आणि ती नोकरी सांभाळून आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करूनही मिळते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचं असेल तर आधी डीएलएड. शिक्षिकांना प्रशिक्षण द्यायचं किंवा कॉलेजात शिकवायचं असेल तर मानव विकास किंवा शिक्षणशास्त्रात एमए-एमएस्सी, मग नेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा. एसएनडीटीसारख्या विद्यापीठात मानव विकास हा स्वतंत्र विषय आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी काम करायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम चालतो, तिथं साधं बीएड कामाचं नाही. आणि नुकतीच बारावी झालेली मुलगी असेल तर चार वर्षांचं एकात्मिक बीएड बघावं. त्यात पायाभूत टप्पा निवडता येतो.

बीएड होऊन बसलंय? ते वाया गेलं असं समजू नका. उच्च प्राथमिककडे वळा, नाहीतर त्यावर शिक्षणशास्त्रात एमए करून प्रशिक्षणाच्या कामात शिरा. पहिली-दुसरीच हवी असेल तर मात्र डीएलएडची दोन वर्षं काढावी लागतील.

एक उपप्रश्न नेहमी येतो: मुक्त विद्यापीठातून घरबसल्या बीएड करू का? दूरस्थ बीएडला आधीच शिक्षक-प्रशिक्षण झालेलं लागतं. असं प्रशिक्षण न झालेल्या बालवाडीच्या टीचरला तिथं प्रवेश नाही, मग तिने पंधरा वर्षं शिकवलेलं असो. "आम्ही करून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर नमस्कार करून बाहेर पडा.

पाटीवरच्या नावाला भुलू नका

मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. ही बालशिक्षणाची पद्धत घडवणाऱ्या मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, त्यानंतर त्या नावाने देशभर काय काय उघडलं याची गणती नाही. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये साहित्य कसं मांडायचं ते छान शिकाल, मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त ती सरकारमान्य पात्रता आहे असं समजून पन्नास हजार मोजू नका. इग्नूची बालशिक्षणाची पदविका ज्ञानासाठी उत्तम, पण ती एक वर्षाची, आणि वरचा नियम दोन वर्षं म्हणतो.

तपासायचं कसं? एनसीटीईच्या संकेतस्थळावर पश्चिम विभागातल्या मान्यताप्राप्त संस्था दिसतात. कॉलेजचं नाव दिसलं की लगेच खूश होऊ नका, मान्यता नेमक्या कुठल्या अभ्यासक्रमाला आहे ते वाचा. दूरस्थ पदवीसाठी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरस्थ शिक्षण विभागाची (डेब) यादी बघा. फी विद्यापीठाच्या खात्यावर भरा, केंद्रचालकाच्या फोनवर नव्हे.

मार्कशीटवर माहेर, आधारवर सासर

बायकांचे अर्ज अडतात ते बहुधा इथं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं. मुक्त किंवा ऑनलाइन प्रवेशाला आता याच विभागाचा डेब आयडी लागतो, त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे शैक्षणिक श्रेयांकांच्या डिजिटल खात्याचा, क्रमांक, आणि तो आधारवरच्या नावाने निघतो. नाव जुळलं नाही की सगळं खोळंबतं, तेही शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री. म्हणून एप्रिल-मेमध्येच विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढा, राजपत्रात नावबदल करून घ्या आणि त्या पानाच्या चार प्रती जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक भरतीत त्या लागतात.

हजेरीचा हिशेब

बालवाडी सकाळी, डीएलएडचं कॉलेजही दिवसाच. "मी मॅनेज करीन" असं सगळ्या म्हणतात. एनसीटीईच्या नियमात ८० टक्के हजेरी लागते, आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावात, ९०. नोकरी सोडायला लागणार असेल तर दोन वर्षांचा घरखर्च आधी कागदावर मांडा.

निरीक्षण वही: इथं खरं शिक्षण आहे

बालविकासाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात मुलांच्या निरीक्षणाची वही असते आणि तीच सर्वांत वाईट भरलेली असते. गेल्या वर्षीच्या मैत्रिणीची वही झेरॉक्सच्या दुकानातून येते, वेगळ्या शाईत उतरते. स्वतः लिहिलेल्या वह्यांमध्येही असं सापडतं: "मुलगा चिडका आहे, शेअरिंग करत नाही, बाकी हुशार आहे." हा निकाल झाला, निरीक्षण नव्हे. त्याच प्रसंगाचं निरीक्षण असं लिहितात: "११.१०. शेजारच्या मुलीने निळा ठोकळा घेतला. त्याने दोन्ही हातांनी स्वतःचा मनोरा पाडला, ताईंकडे पाहिलं. ताई बोलल्या नाहीत. मिनिटभराने लाल ठोकळा खाली ठेवून पुन्हा रचायला लागला." या चार ओळींतून त्याचं भावनांवरचं नियंत्रण, मोठ्यांकडून त्याची अपेक्षा आणि नियोजन, तिन्हींबद्दल लिहिता येतं. पहिल्या वाक्यातून काहीच निघत नाही.

सुरगाणा-पेठच्या ताईंना इथं एक फायदा आहे, तो त्या स्वतःच झाकतात. मूल कोकणा बोलीत बोललं तर वहीत त्याचं प्रमाण मराठी करून टाकतात. तसं करू नका. मूल जे म्हणालं तेच लिहा, शेजारी अर्थ द्या. धोरणातही लहान मुलांना घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे, आणि हे साहित्य शहरातल्या टीचरकडे नसतं.

तीच गत इतिहासाची. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं ग्राम बाल शिक्षा केंद्र १९४५ ला बोर्डीत सुरू झालं आणि १९५७ ला कोसबाडला गेलं, हे सगळ्यांना पाठ असतं. अंगणात भरणारी बालवाडी त्यांनी आदिवासी पाड्यांवर का नेली, असं विचारलं की शांतता. उत्तर जव्हारपलीकडे कोसबाडला आहे, एक दिवस काढून जाऊन या.

पगार आणि दाखला

पदवी झाली की पगार आपोआप वाढेल, असं खासगी बालवाडीत होत नाही. प्रवेश घेण्याआधीच व्यवस्थापनाला विचारा आणि उत्तर लेखी मागा. रोखीने पगार घेत असाल तर तो बँकेतून मागा, नेमणूकपत्रही मागा. नाहीतर दहा वर्षांच्या अनुभवाचा एक कागदही हाती नसतो, आणि शाळा बंद पडली की दाखला द्यायला कुणी उरत नाही.

यंदा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्या आहेत. पंचवटी, तपोवन, त्र्यंबकेश्वर भागात त्या दिवसांत रस्ते बंद असतील, शाळांचं वेळापत्रकही हलेल. आंतरवासितेसाठी शाळा निवडायची मुभा मिळाली तर सातपूर, इंदिरानगर किंवा सिन्नरची घ्या आणि पाठांच्या तारखा जुलैतच मुख्याध्यापकांकडून ठरवून घ्या.