मोरपंखीची फांदी लावताय? या चुका टाळा

कुंडीत खोचलेली मोरपंखीची किंवा ज्युनिपरची फांदी दीड महिन्यानंतरही हिरवीगार आहे, म्हणजे लागली, असं समजून आपण ती मोठ्या कुंडीत हलवतो. माझ्या पहिल्या सहा फांद्या अशाच गेल्या. उपटून पाहिल्या तर मुळांचा पत्ता नाही!

जास्वंदीची फांदी मेली की चार-आठ दिवसांत पानं टाकून तसं सांगते. मोरपंखी, ज्युनिपरसारखी सूचिपर्णी झाडं सांगत नाहीत. त्यांची पानं बारीक, त्यावर मेणचट थर, त्यामुळे आतली ओल लवकर उडत नाही आणि मेलेली फांदीही कित्येक आठवडे हिरवी दिसते. (ज्युनिपरचं बोन्साय हौसेनं आणलेल्यांना विचारा.) मुळं फुटायला 2 ते 4 महिने लागतात, ज्युनिपरला कधी त्याहूनही जास्त. तेव्हा रंगावर जाऊ नका. दोन महिन्यांनी फांदी अगदी हलक्या हातानं वर ओढून बघा. अडली तर मुळं धरलीत. सहज वर आली आणि खाली नुसती पांढरट गाठ दिसली, तर ती गाठ म्हणजे मुळं नव्हेत. परत खोचा आणि धीर धरा. रोज ओढून बघणाऱ्यांच्या फांद्या मात्र कधीच लागत नाहीत.

दुसरी चूक कापतानाच होते. आपण जाडजूड, खाली तपकिरी लाकूड झालेली फांदी निवडतो, मजबूत वाटते म्हणून. जुन्या उघड्या लाकडाला या झाडांत फूट जवळजवळ येतच नाही. कोवळ्या झाडाची, याच वर्षी वाढलेली 10-15 सेंटीमीटरची बाजूची फांदी घ्या. कात्रीनं कापण्यापेक्षा खाली ओढून काढा, म्हणजे मोठ्या फांदीच्या सालीची छोटी ढलपी सोबत येते. तिथून मुळं बरी फुटतात. खालचा 3-4 सेंटीमीटर भाग पानं काढून मोकळा करा.

मध, दालचिनी, कोरफड यांवर माझा विश्वास नाही. मुळं फुटायला ऑक्सिन हे झाडांचं वाढीचं संप्रेरक लागतं, ते मधात नसतं. रूटिंग पावडर आणायची तर निबर फांद्यांसाठीची, आयबीए (म्हणजे कृत्रिम ऑक्सिन) 3000 पीपीएम, म्हणजे 0.3 टक्के, किंवा थोडं जास्त असलेली आणा. लागेल तेवढी कागदावर काढून घ्या, फांदी थेट डबीत बुडवू नका. काळी माती नको, शेणखत तर नकोच. निम्मं कोकोपीट आणि निम्मी जाड धुतलेली वाळू किंवा पर्लाइट (पांढरे, हलके खडे) पुरे. वरून प्लास्टिकची पिशवी घालणं योग्य, पण ती कुंडी उन्हात ठेवलीत तर आत फांदी शिजते. सावलीतला उजेड द्या आणि एक दिवसाआड पिशवी थोडा वेळ उघडा, नाहीतर बुरशी धरते. एप्रिल-मे महिन्यांत तर हा खटाटोप करूच नका.

आता ख्रिसमस ट्री म्हणून विकतात तो अरोकेरिया. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नॉरफोक बेटावरचा. त्याची बाजूची फांदी लावली आणि नशिबानं लागली, तरी तिचं झाड होत नाही. आपण बाजूची फांदी आहोत, हे ती विसरत नाही. आडवीच वाढत राहते. उभं झाड हवं तर मधला शेंडाच कापून लावावा लागतो, म्हणजे चांगल्या झाडाची शोभा घालवायची. शेंडा कापल्यावर खोडातून जे नवे उभे कोंब फुटतात, ते मात्र लावता येतात. नर्सरीवाले या भानगडीत न पडता बिया पेरतात. काठी बांधून सरळ करता येईल असं मलाही वाटलं होतं. चार वर्षं झाली, काठी सोडली की आमचा अरोकेरिया पुन्हा गॅलरीच्या कठड्यावर आडवा पडतो.