दुसरा शनिवार, चौथा शनिवार आणि चंद्र

एमएस्सीच्या प्रकल्पाला पतंग, म्हणजे रात्री दिव्यावर येणारे कीटक, घ्यायचे तर नाशिकसारखा जिल्हा नाही. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, शहरात ७०० च्या आसपास, सिन्नर-येवल्याकडे त्याहून कमी. सगळं एसटीच्या टप्प्यात. म्हणून जो तो एकच विषय धरतो: अंजनेरीच्या पायथ्याचं जंगल विरुद्ध दिंडोरीची द्राक्षबाग. पतंग बसायला पांढरा पडदा, त्यांना ओढायला १६० वॅटचा मर्क्युरी दिवा, मारायला इथाइल ॲसिटेटची बाटली, ठेवायला त्रिकोणी पाकिटं हे तुम्हाला येतं असं धरतो. मला बोलायचंय वेळापत्रकावर.

कॉलेजला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी. मग दुसऱ्याला अंजनेरी, चौथ्याला दिंडोरी. दर महिन्याला दोन्हीकडे सारख्याच खेपा, विभागाची लगेच मंजुरी. आता भिंतीवरचं कालनिर्णय काढून बघा. या दोन शनिवारांत १४ दिवस. अमावास्या ते पौर्णिमा साधारण पावणेपंधरा. म्हणजे पहिल्या खेपेला अंजनेरीवर अमावास्या असली की दिंडोरीवर पौर्णिमा आलीच. पुढच्या महिन्यातही तेच, कारण चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा आणि एका दुसऱ्या शनिवारपासून पुढचा दुसरा शनिवार बहुतेक वेळा २८ दिवसांवर. पाच शनिवारांचा महिना मध्ये आला तर गाडी थोडी सरकते, पण एका मोसमात ही जोडी काही सुटत नाही. एक जागा कायम अंधारात, दुसरी कायम चांदण्यात.

आणि पौर्णिमेच्या आसपास दिव्यावर पतंग कमी येतात, हे जुनं निरीक्षण आहे. चांदण्यात ते उडतातच कमी, की आपल्या दिव्याची ओढ तेवढ्या लांब पोचत नाही, यावर अजून वाद आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की उडणारे कीटक आपली पाठ उजेडाच्या बाजूला ठेवून उडतात. रात्री एरवी उजळ बाजू आभाळाचीच, त्यामुळे दिव्याजवळ त्यांची वर-खालीची दिशा चुकते. कारण काहीही असो, तुमच्या वहीतला आकडा पडतो.

खरं विष पुढे आहे. जंगलात ढीगभर पतंग, बागेत चिमूटभर. फवारणीमुळे बागेत कीटक कमी असणार हे सगळ्यांना आधीच वाटत असतं, त्यामुळे आकडे बघून गाईड खूश, आपण खूश, सांख्यिकी चाचणीतला फरकही लक्षणीय. अपेक्षेच्या उलट काही आलं असतं तर कुणीतरी दोनदा तपासलं तरी असतं. माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी एवढंच विचारलं, "त्या रात्रींना तिथी काय होती?" तो फरक बागेमुळे होता की चंद्रामुळे, हे मला आजही सांगता येत नाही.

"पावसाळ्यात ढगच असतात की," असं कुणीतरी म्हणेलच. जुलैत बऱ्याच अंशी खरं. ऑक्टोबरात आभाळ मोकळं होतं तेव्हा काय? कोजागिरीला मित्रमंडळी दुधाच्या पातेल्यासकट पडद्याशी यायला तयार असतात. खुशाल बोलवा. त्या रात्रीची नोंद मात्र तुलनेत धरू नका.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. दोन्ही जागा एकाच रात्री, सारखे दिवे, सारखे तास. त्यासाठी दुसरा माणूस लागतो आणि तो मिळणं दिवा मिळण्यापेक्षा अवघड. नाहीच मिळाला तर लागोपाठच्या दोन रात्री घ्या, दर खेपेला क्रम उलटा करा आणि अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवसांतच राहा. संकष्टीला चंद्रोदय रात्री नऊच्या आसपास असतो, वेळ कालनिर्णयात छापलेलीच असते. त्याआधीचे दोनेक तास अंधाराचे. विनायकीला उलट, आधी चंद्र आणि तो मावळल्यावर अंधार. म्हणून वहीत नुसती तिथी पुरत नाही. दर तासाला लिहा: चंद्र वर आहे का, ढग किती, वारा किती.

गाईडबद्दल माझं मत कडू आहे. रात्री कधीच पडद्याशी न बसलेल्या माणसाकडून प्रबंधाची भाषा तपासून घ्यावी, वेळापत्रक नाही. त्यापेक्षा फिरतीवरच्या वनरक्षकाला विचारा. फोटो टाकून नाव सांगणारं ॲप फुलपाखरांना ठीक; बारीक तपकिरी पतंगांत कित्येकदा जननेंद्रियांचं विच्छेदन केल्याशिवाय जात ठरत नाही. नाव नाही लागलं तर कुळावर थांबा, संकेतांक द्या. त्यात कमीपणा नाही. सिनियरच्या पेटीतले नमुने आपले म्हणून लावणं ही मात्र सरळ चोरी, मग विभागात कितीही चालत असो.

अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे नमुना उचलायचा नाही. अर्ज उन्हाळ्याच्या आधीच टाका, नाहीतर कागद फिरेपर्यंत पाऊस संपतो. दिंडोरीकडे बिबट्या आहे. एकट्याने बसू नका आणि बागवाल्या दादांना आधी कळवून ठेवा.

ज्यांचं वेळापत्रक आधीच दुसऱ्या-चौथ्या शनिवारात अडकलंय त्यांनी वही फाडू नये. दोन जागांची तुलना गेली, पण कुठल्या जागी कोणता पतंग दिसला ही यादी चंद्राने खोटी होत नाही. प्रबंधाचं शीर्षक बदलून यादीचं करा आणि प्रत्येक नोंदीपुढे तिथी भरा. मागच्या वर्षाची पंचांगं मिळतात.