जुना पिकअप चिखलात उतरवण्याआधी

सगळ्यांत आधी टायरचा आकार ठरवायचा आणि टायर सगळ्यांत शेवटी घ्यायचे. ऐकायला उलटं वाटतं, पण गाडी किती उचलायची (म्हणजे बॉडी कायमची किती उंच करायची), गिअर रेशो बदलायचा का, ब्रेक पुरतील का, स्टेपनी हौद्याखाली मावेल का, हे सगळं त्या एकाच मापावरून ठरतं. टायर आधी घरी आले की ते चढवून बघायचा मोह आवरत नाही आणि गळका एक्सल सील तसाच राहतो. माझं पहिल्या वेळी तेच झालं. गाडी दिसायची झकास, थांबायची मात्र देवाच्या भरवशावर.

माप वहीत लिहून ठेवलं की गाडी खालून धुवायची, वाळू द्यायची आणि हातोडी, पेचकस आणि टॉर्च घेऊन खाली शिरायचं. नुसत्या जॅकवर नाही, वजन पेलणाऱ्या स्टँडवर. चासी आतून गंजते, म्हणून वरून ती ठीकच दिसते. मागच्या एक्सलच्या वरची कमान आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे रिव्हेट केलेले असतात ती जागा, तिथे चिखल साचून राहतो. हातोडीने ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर पुढे सरकायचं, बद्द आला तर पेचकस टोचून बघायचा. तो आरपार गेला तर बाकीची यादी मिटून ठेवायची, कारण सगळे पैसे आता तिथेच जाणार. गंजलेल्या चासीपेक्षा मला नुकताच काळा अंडरकोट (गंज झाकून टाकणारा खालचा लेप) मारलेल्या चासीची जास्त धास्ती वाटते. वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीच्या तारा सोडायच्या आणि इंधनाची टाकी, पाइप लांब करायचे. जे बोल्ट खोलायचे आहेत त्यांना दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल पाजत राहायचं. तुटलेला बोल्ट काढण्यात जो दिवस जातो त्यापेक्षा हे स्वस्त.

मग तेलं. गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी), पुढचा-मागचा डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा), चारही ठिकाणी आधी तेल भरायचा प्लग सैल होतो का ते बघायचं, खालचा प्लग नंतर. खालून तेल सोडून बसलात आणि वरचा प्लग जाम निघाला तर गाडी जागची हलत नाही. निघालेलं तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. तापलेला एक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर, म्हणजे एक्सलची हवा जायची-यायची वाट, बुजलेला असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून सील बदलताना ब्रीदरला लांब नळी जोडून ती इंजिनाच्या बाजूला उंच नेऊन बांधायची. खर्च किरकोळ, फायदा मोठा. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रोनायझर (गिअर अलगद पडू देणाऱ्या कड्या) असतील आणि गाडीचं माहितीपुस्तक जीएल-४ प्रतीचं तेल सांगत असेल तर तिथे डिफरन्शियलचं जीएल-५ ओतायचं नाही, त्यातल्या गंधकयुक्त रसायनांनी पितळ झिजू शकतं.

ब्रेकचं काम अर्धवट सोडायची सोय नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलं झाल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो, आणि लांब उतारावर हे नेमकं नको तेव्हा कळतं. रबरी होज जुने असतील तर बदलायचेच, आणि गाडी उचलणार असाल तर लांब घ्यायचे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो, तो हौद्यातल्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करतो. गाडी उचलली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे आणि मागचा ब्रेक ढिला पडतो. दांडीचं माप पुन्हा जुळवायचं.

लिफ्टबद्दल एक भ्रम काढून टाकायचा. लिफ्टने बॉडी उंच होते, अखंड एक्सलमधला डिफरन्शियल तिथेच राहतो; त्याला वर उचलतो तो फक्त टायर. समजा, २३५/७५ आर १५ काढून ३१ इंची टायर घातले, तर व्यास साधारण ७३३ मिलिमीटरवरून ७८७ वर जातो आणि डिफरन्शियल वर येतो जेमतेम २७ मिलिमीटर. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा वेग ८६ च्या आसपास असेल, आणि तेवढाच गिअर जड लागेल. एवढ्यासाठी चार-पाच इंच लिफ्ट कशाला? पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी सळई) असेल तर तो पिळून फुकटात उंची मिळते खरी, पण चाक खाली जायला जागा उरत नाही आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरक्या कोनात फिरून लवकर जातात. मागचे पाटे सोडले की यू-बोल्ट नवेच घालायचे. जुने एकदा ताणले गेलेले असतात. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, शाफ्टचे क्रॉस, बुश हेही याच वेळी हाताने हलवून बघायचे. अशा फेरबदलांना परवानगी लागते का आणि विमा कंपनीला कळवावं लागतं का, हे पाटे सोडायच्या आधी विचारून घ्यायचं.

विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र, घ्यायचा तर क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट. ती क्षमताही ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची. बॅटरीच्या तारा, अर्थिंग आणि अल्टरनेटर आधी धडधाकट असावेत, कारण पूर्ण ताणावर विंच शेकडो अँपिअर ओढतो.

आता जुन्याच टायरवर दोन-तीनशे किलोमीटर हिंडायचं. मोकळ्या मातीत फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यांत हळू गिअर) टाकून बघायचा. कोरड्या डांबरावर नाही, तिथे पुढची-मागची चाकं वळणात वेगळं अंतर कापतात आणि शाफ्ट पिळवटतात. परत आल्यावर यू-बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळायचे, गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवायचा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर टायरच्या दुकानात जायचं. टायर कधी बनला ते सांगणारा बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचायचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, आणि टायर चार नाही, पाच घ्यायचे.