रात्री ज्यांची नावं घेतली, त्यांच्यासाठी सकाळी काही करावं: घरात आणि मैत्रीत ख्रिस्ती विश्वास कसा जगावा

रविवारच्या उपासनेला किंवा मिस्साला तास-दोन तास जातात. आठवड्याचा बाकी सगळा वेळ घरात, कामावर, लोकलमध्ये आणि शेजारीपाजारी जातो. येशूच्या शिकवणीतला मोठा भाग याच वेळेबद्दल आहे. भावावर राग धरावा का, पंगतीला कोणाला बोलवावं, उसनं मागणाऱ्याला काय उत्तर द्यावं, आजाऱ्याला भेटायला कोणी जावं, हे सगळं तो अगदी स्पष्ट बोलून गेला आहे. त्यामुळे विश्वासाची खरी कसोटी घरातल्या माणसांपासूनच सुरू होते, असं मी मानते.

त्यासाठी एक पद्धत सांगते. रात्री घरच्यांनी मिळून थोडा वेळ प्रार्थना करायची, त्यात माणसांची नावं घ्यायची, आणि ज्यांची नावं घेतली त्यांच्यापैकी निदान एकासाठी दुसऱ्या दिवशी काहीतरी करायचं. अनेक घरांत यातला पहिला भाग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नगरकडच्या प्रोटेस्टंट घरांत कौटुंबिक प्रार्थना असते, वसईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळची रोजरी, म्हणजे माळेचे मणी मोजत म्हटलेली प्रार्थना; गोव्यात तिलाच तेर्स म्हणतात. राहून जातो तो दुसऱ्या दिवशीचा भाग.

आधी वेळ ठरवा

पंधरा मिनिटं पुरेत. पाच दशकांची (एक दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) पूर्ण रोजरी म्हणायला वीसेक मिनिटं लागतात. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एकच दशक म्हणावं, पण ते घाई न करता. जेवणाआधीची वेळ बरी पडते, कारण जेवणानंतर मुलं पेंगतात आणि मोठ्यांचे हात मोबाइलकडे जातात. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, गॅसवर काही नाही. कुकरची तिसरी शिट्टी मोजत केलेल्या प्रार्थनेत घरातल्या बाईचं लक्ष कधीच लागत नाही, आणि हे बाकीच्यांच्या ध्यानातही येत नाही. म्हणून स्वयंपाक उरकायला आधी सगळ्यांनी हात लावावा, मग बसावं.

कोणी शिफ्टला असेल तर त्याच्यासाठी थांबू नका. जे घरात आहेत त्यांनी बसावं. रोज जमत नसेल तर आठवड्यातले तीन वार पक्के करा.

क्रम साधा ठेवा

एक गीत, बायबलमधला एक उतारा, नावं, शेवटी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना. गीतासाठी ‘उपासनासंगीत’ हे ख्रिस्ती गीतांचं पुस्तक घरात असेलच, त्यातली कवी ना. वा. टिळकांची पदं आजी-आजोबांना पाठ असतात, त्यांनाच सुरुवात करू द्या. उताऱ्यासाठी मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचं आहे आणि त्यात घटना भराभर घडतात, त्यामुळे मुलं ऐकतात. एका वेळी दहा-बारा ओव्या पुरे. वाचन मुलांकडे द्या. अडखळली तरी मध्येच दुरुस्त करू नका.

वाचून झाल्यावर प्रवचन नको. एकच प्रश्न विचारा: यातलं आपल्याला उद्या काय करता येईल? आठ वर्षांचं मूलही याचं उत्तर देतं, आणि पुष्कळदा मोठ्यांपेक्षा नेमकं देतं.

इथे आईवडिलांना एक कळकळीची विनंती. ‘प्रभू, आमच्या या मुलाला अभ्यासाची बुद्धी दे, त्याचा मोबाइल सुटू दे’ असं त्या मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणणं ही प्रार्थना नव्हे, डोळे मिटून दिलेली दटावणी आहे. प्रेषित पौलाने इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना बापांना बजावलं आहे की मुलांना चिडीस आणू नका. मुलासाठी जे मागायचं ते एकांतात मागा. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल देवाचे आभार माना, आणि तेही नेमके: आज त्याने आजीला जिन्यावरून हात धरून उतरवलं, त्याबद्दल.

नावांची वही

साधी शंभर पानी वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे नाव, उजवीकडे आपण काय केलं ते. एका रात्री चार-पाच नावांपेक्षा जास्त नको, नाहीतर ती हजेरी होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली मावशी, नोकरी गेलेला मित्र, सोसायटीच्या वॉचमनची दहावीला बसलेली मुलगी, जमिनीच्या वाटणीवरून बोलणं सोडलेला चुलतभाऊ.

उजवी बाजू कोरी राहिली तर ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं, आणि वहीचा उपयोग तोच आहे. उजवीकडे मोठमोठी कामं येण्याची गरज नाही. ‘फोन केला, वीस मिनिटं बोलणं झालं.’ ‘दहावीची जुनी गाइडं नेऊन दिली.’ ‘मावशीला सोमवारी फिजिओथेरपीला नेलं, रिक्षा ताईने केली.’ काम घरातल्या कोणाकडे आहे हे रात्रीच ठरवून टाका, कारण ‘आपण करू’ म्हटलेलं काम कोणीच करत नाही.

या वहीचं एक पथ्य आहे आणि ते कडक पाळायला हवं. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वहीत लिहायची नाही, मुलांसमोर बोलायची नाही. फक्त नाव लिहा. देवाला तपशील ठाऊक आहे. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमकीच्या संसारासाठी प्रार्थना करा’ असा निरोप गेला की रात्रीपर्यंत तिच्या संसाराची चर्चा चार घरांत सुरू झालेली असते. कोणाच्या मनात वाईट नसतं, तरी चहाडी ती चहाडीच. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारा: ‘मंडळीत सांगू का? काय सांगू, काय नको?’ तो नको म्हणाला तर विषय तिथेच संपला. आपल्याला सांगितलेलं बाहेर जात नाही हे एकदा कळलं की लोक खऱ्या अडचणी घेऊन येतात.

प्रभूच्या प्रार्थनेआधी थांबा

या प्रार्थनेत आपण क्षमा मागतो, आणि आपणही क्षमा केली आहे असं देवाला सांगतो. म्हणून तिच्याआधी मिनिटभर गप्प बसावं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी दान आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर. घरातल्या घरात तर जायलाही दोन पावलंच लागतात.

क्षमा मागताना झालेली गोष्ट नाव घेऊन सांगावी. पाहुण्यांसमोर सुनेच्या भाजीला नावं ठेवलेल्या सासूने ‘वाईट वाटलं असेल तर सॉरी हं’ म्हटलं, तर सुनेच्या पदरात काहीच पडत नाही. उलट वाईट वाटून घेतलं ही तिचीच चूक ठरते. ‘काल सगळ्यांसमोर मी तुझ्या भाजीला नावं ठेवली, माझं चुकलं’ एवढं सरळ बोलावं. आणि ते पाहुणे पुन्हा येतील तेव्हा त्यांच्यादेखत तिच्या हातचं एखादं कौतुकाने वाढावं, कारण अपमान चारचौघांत झाला होता. घरात मोठ्यांनी आधी क्षमा मागावी. लहान माणसं ते एकदा पाहतात आणि पुढे त्यांना शिकवावं लागत नाही.

समोरच्याचं चुकलं असेल तर? मत्तयाच्या 18व्या अध्यायात क्रम दिला आहे: आधी एकट्याने, त्याच्याशीच बोल. बहिणीशी नाही, आईशी नाही, पाळकसाहेबांशी नाही. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्या कानावर ती सगळ्यांत शेवटी जाते.

मात्र मारहाण, दारूच्या नशेतला छळ, मुलांवरचा अत्याचार यांना हा क्रम लागू करू नका. ‘क्षमा कर आणि नांदायला जा’ असं अशा बाईला सांगणं पाप आहे, मग सांगणारा कोणीही असो. तिला आधी सुरक्षित जागी न्या. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. क्षमेचं पुढे पाहता येईल.

घरात सगळ्यांचा विश्वास एक नसेल तर

अनेक घरांत पती ख्रिस्ती आणि पत्नी हिंदू असते, किंवा मुलगा चर्चला जायचं सोडतो. अशा घरांनी टिळकांचं घर आठवावं. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आली तेव्हाही लक्ष्मीबाई ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. सोवळंओवळं आणि जातपात मनातून कशी गेली, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितलं आहे. ते वाचताना जाणवतं की वाट त्यांनी आपल्या पायांनी आणि आपल्या गतीने चालली. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचं महाकाव्य त्यांनीच पूर्ण केलं.

म्हणून प्रार्थनेला न बसणाऱ्याला टोमणे नकोत. त्याला बोलवावं, आग्रह करू नये. तो आतल्या खोलीत बसला असेल तरी आपण त्याचं नाव मोठ्याने घेऊन ‘याला सुबुद्धी दे’ म्हणू नये. त्याचं ताट आपल्या ताटाबरोबरच वाढलं जावं.

मित्रमैत्रिणींच्या घरी

बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. दुःखाची कारणं समजावायला लागले आणि सगळं बिघडलं. हॉस्पिटलात किंवा मयताच्या घरी जाताना हे लक्षात ठेवा. ‘देवाची इच्छा’, ‘यातून काहीतरी चांगलंच होईल’ ही वाक्यं घरी ठेवून जा.

हॉस्पिटलात नेण्यासारखं काय असतं? आजाऱ्याजवळ बसलेल्या माणसासाठी डबा. मोबाइलचा चार्जर. सुटे पैसे. आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे आपली एक रात्र. ‘आज तू घरी जा, अंघोळ कर, झोप. मी इथे बसते.’ औषधांची चिठ्ठी कुठे, सकाळी डॉक्टर किती वाजता येतात, कोणाला फोन करायचा, एवढं कागदावर लिहून घ्या आणि जागणाऱ्या मैत्रिणीला घरी पाठवा. तिच्याइतकं आपल्याला जमणार नाही, पण रात्रभर खाटेशेजारी जागं बसायला आपल्याला येतं.

मोठ्याने प्रार्थना करण्याआधी विचारा. मित्र हिंदू, मुसलमान, बौद्ध किंवा नास्तिक असेल तर नक्कीच विचारा: ‘तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? मनातल्या मनातही करीन.’ नको म्हणाला तर आपल्या घरी जाऊन करा. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही; त्याच्या असहायपणाचा फायदा घेऊन त्याला काही ऐकवणं प्रेमाला धरून नाही. तो चर्चला येईल या हिशेबाने ठेवलेली मैत्री त्याला कधी ना कधी कळतेच. तो कधीच येणार नसेल तरी मी त्याच्यासाठी ती रात्र जागले असते का, हे मनाला विचारावं. त्याने आपणहून विश्वासाबद्दल विचारलं तर मोकळेपणाने सांगावं, लपवू नये.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. श्रावण, चतुर्थी, एकादशी, रोजे हे दिवस लक्षात ठेवून मित्राला जेवायला बोलवा आणि शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी ठेवा. प्रसाद घ्यावा की नाही यावर ख्रिस्ती घराघरांत मतं वेगळी आहेत. पौलानेही करिंथ आणि रोमच्या मंडळ्यांना मूर्तीचा नैवेद्य आणि खाण्यावरून होणारे वाद यांबद्दल लिहिताना दुसऱ्याच्या मनाला जपायला सांगितलं. तुमच्या घरी जे ठरलं असेल ते असो, मैत्रिणीने पुढे केलेला हात झिडकारू नका. घेणार नसाल तर दारात गप्प उभं राहण्यापेक्षा आत जा, तिच्या आईची चौकशी करा, चहा घ्या.

पैसे उसने देताना परत आले नाहीत तरी मैत्री तुटणार नाही एवढेच द्या, आणि नवरा-बायकोने एकमेकांना सांगून द्या.

नाताळची ताटं

गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, बेबिंका अशा पदार्थांची ताटं शेजाऱ्यांकडे जातात आणि चतुर्थीला तिकडून इकडे येतात. तुमच्याकडे करंज्या आणि केक असेल. ताटं कोणाला जायची ही यादी डिसेंबरच्या सुरुवातीला वहीवरूनच काढा. पहिलं ताट त्या वर्षी ज्या घरात मयत झालं तिथे. दुसरं, जिथलं बोलणं बंद आहे तिथे. आणि ते मुलांच्या हाती पाठवू नका, स्वतः घेऊन जा. तिसरं, नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंकडे. मग नेहमीचे सगेसोयरे.

परीक्षा, लग्नसराई, पाहुणे, आजारपण यांत खंड पडेल. राहिलेल्या दिवसांची भरपाई करत बसू नका. पुन्हा बसाल त्या रात्री आधी वहीची उजवी बाजू वाचा, जिथे जागा कोरी आहे त्यातलं एक नाव निवडा, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी कोण जाणार ते उठण्याआधी ठरवून टाका.