कर्करोगाच्या संशोधनातील जगण्याचे आकडे कसे वाचावेत

कर्करोगावरील शोधनिबंधात पाच वर्षे जगलेल्या रुग्णांची टक्केवारी दिसली, की काळाची मोजणी कोणत्या दिवसापासून केली आहे हे आधी शोधावे. निदान, उपचारांचा आरंभ आणि चाचणीत गट ठरण्याचा दिवस हे वेगवेगळे आरंभबिंदू आहेत. लक्षणे दिसण्यापूर्वीच तपासणीत गाठ सापडली, तर मृत्यूची तारीख तीच राहूनही निदानानंतरचा काळ कागदावर वाढतो. म्हणून तपासणी मोहिमांच्या अभ्यासात त्या आजाराचा मृत्युदर घटला का, हेच पाहावे.

मग स्टेज, म्हणजे आजार किती पसरला आहे याची पायरी, कशी ठरवली ते तपासावे. पिएर दनुआ या फ्रेंच शल्यविशारदाने १९४३ ते १९५२ या काळात विकसित केलेल्या टीएनएम पद्धतीत मूळ गाठीची व्याप्ती, जवळच्या लसिकाग्रंथींतील शिरकाव आणि दूरच्या अवयवांतील प्रसार नोंदवतात. उपचारांपूर्वी स्कॅनवरून ठरलेली स्टेज आणि शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीच्या अहवालावरून ठरलेली स्टेज एकाच रांगेत मांडू नयेत.

जुन्या व नव्या काळातील रुग्णांची तुलना असेल, तर इथे विशेष थांबावे, कारण ही चूक जाणकारांच्याही नजरेतून सुटते. समजा, दुसऱ्या स्टेजचे तीन रुग्ण ६०, ४८ आणि २४ महिने जगले, तर चौथ्या स्टेजचे दोघे १२ आणि ६ महिने; म्हणजे सरासरी ४४ आणि ९. अधिक सूक्ष्म स्कॅनमुळे २४ महिने जगणाऱ्या रुग्णातील छुपा प्रसार आधीच दिसला असता आणि त्याची गणना चौथ्या स्टेजमध्ये झाली असती, तर सरासरी ५४ आणि १४ आली असती. दोन्ही स्टेजचे आकडे सुधारतात, पण एकही रुग्ण एक दिवसही अधिक जगलेला नसतो. अशा वेळी सर्व स्टेजचे रुग्ण एकत्र धरून काढलेला आकडा मागावा.

जगण्याच्या काळाचा मध्यक २० महिने असेल, तर रुग्णाच्या हाती तेवढेच महिने उरले असा अर्थ कृपया कोणी काढू नये. निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगलेले असतात. कॅप्लान आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या आलेखात जिवंत रुग्णांचे प्रमाण दाखवणारी रेषा पायरीपायरीने उतरते, आणि तिच्यावरील बारीक खुणा म्हणजे ज्यांचा पाठपुरावा तिथे थांबला असे रुग्ण. प्रत्येक टप्प्यावर निरीक्षणाखाली किती जण उरले, ही संख्या बहुधा आलेखाखाली छापलेली असते. उजव्या टोकाशी तीन-चारच उरले असतील, तर तिथली सपाट रेषा बरे झाल्याचा पुरावा मानू नये.